गळाला लागलेली सुट्टी

22 जून 2000 रोजी जपानमध्ये एक गेम विक्रीला आला. ज्या यंत्रावर तो चालायचा ते यंत्र तोवर निवृत्तीला टेकलेलं होतं. सोनीचा प्लेस्टेशन 2 त्याच वर्षी 4 मार्चला दुकानांत आला होता आणि जो तो त्याच्यामागे होता. अशा वेळी मिलेनियम किचन नावाच्या छोट्या कंपनीने जुन्या करड्या प्लेस्टेशनसाठी 'बोकु नो नात्सुयासुमी' तयार केला. नावाचा अर्थ सरळ आहे, माझी उन्हाळ्याची सुट्टी. नऊ वर्षांचा एक मुलगा, आईचे दिवस भरत आलेले, म्हणून महिनाभरासाठी त्याची रवानगी गावाकडच्या नातेवाइकांकडे. 1 ऑगस्ट 1975 ला गेम सुरू होतो, 31 ऑगस्टला संपतो. मधे काय घडतं? फारसं काही नाही.

सकाळी उठायचं, रेडिओवरच्या कवायतीला उभं राहायचं, न्याहारी करायची आणि उंडारायला मोकळं. (ही रेडिओ कवायत जपानमध्ये 1928 साली सुरू झाली. सुट्टीत मुलं गळ्यात कार्ड अडकवून जातात आणि हजेरीचा शिक्का मारून घेतात. सुट्टीतही हजेरी घ्यावी हे जपान्यांनाच सुचू शकतं.) मग जाळी घेऊन किडे पकडायचे, भुंगेरे आणून त्यांच्या कुस्त्या लावायच्या, पतंग उडवायचा, नदीवर गळ टाकायचा. यातलं काहीच करायचं नसेल तर नुसतं भटकायचं. संध्याकाळ झाली की घरी, सगळ्यांबरोबर जेवण, आणि झोपण्याआधी चित्रांची रोजनिशी. दिवसभरात जे केलं त्याचं चित्र मुलगा वहीत काढतो, आणि गेम तिथे सेव्ह होतो. एकही मासा मिळाला नाही तरी 31 तारीख येते, टोपलीभर मिळाले तरी 31 तारीखच येते. हरायची सोयच ठेवलेली नाही.

हा गेम मी पाहिला तो ठाण्यातल्या एका मित्राकडे. पंचेचाळिशीतला माणूस, दिवसा बँकेत, रात्री जुन्या कन्सोलांच्या सेवेत. त्याच्या हॉलमध्ये सपाट टीव्ही आहे, पण आतल्या खोलीत एक डबा टीव्ही जपून ठेवलेला आहे, मागून लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिना खोचलेल्या. प्लेस्टेशन मात्र उलटा ठेवलेला, पाठ खाली, पोट वर. आधी मला वाटलं पडला असेल. पण सुरुवातीच्या प्लेस्टेशनांचं हे जुनं दुखणं. लेझरचा डोळा ज्या पट्टीवर सरकतो ती प्लास्टिकची, शेजारीच वीजपुरवठ्याचा तापणारा भाग. काही वर्षांत पट्टी झिजते, डोळा किंचित खाली झुकतो आणि डिस्क नीट वाचली जात नाही. यंत्र उलटं केलं की गुरुत्वाकर्षण उलट्या बाजूने काम करतं आणि डोळा पुन्हा जागेवर येतो. एकेकाळी जगभरातल्या पोरांनी आपापल्या घरी हा शोध लावलेला आहे. मित्राने तर नवीन पट्टी आणून ठेवली आहे, पण बसवत नाही. म्हणाला, "चालतंय ना? मग उघडायचं कशाला?"

तर उलट्या प्लेस्टेशनवर सुलटा उन्हाळा सुरू झाला. पडद्यावर हाताने रंगवल्यासारखं चित्र, नदी, दगड, वरून झुकलेली झाडं. कॅमेरा जागचा हलत नाही. मुलगा तेवढा त्या चित्रात फिरतो आणि चित्राच्या कडेबाहेर गेला की दुसरं चित्र येतं. या पद्धतीत नवीन काहीच नव्हतं. 1996 च्या 'रेसिडेंट ईव्हिल'मध्ये हेच तंत्र माणसांना घाबरवायला वापरलं होतं. पुढच्या चित्रात काय वाढून ठेवलंय ते दिसत नाही, म्हणून भीती. इथे पुढच्या चित्रात ओसरी असते, नाहीतर सूर्यफुलं. जेमतेम दोन मेगाबाइट मेमरी असलेल्या यंत्राला झाडापानांनी गच्च भरलेलं रान जिवंत उभं करणं शक्य नव्हतं. मग रान रंगवलं. अडचणीतून काढलेली ही वाट होती, पण आज पंचवीस वर्षांनी ती चित्रं टिकून आहेत आणि त्या काळातले खरोखरचे त्रिमिती डोंगर बघवत नाहीत.

यातली माणसं काढलीत मिनेको उएदा या चित्रकर्तीने, गोल डोकी, ठळक रेघा. जपानी घरांत बेसिनजवळ जी हात धुवायच्या साबणाची बाटली असते, किरेइ किरेइ, तिच्यावरची आई आणि मुलंही उएदाचीच. त्यामुळे जपानी माणसाला गेम सुरू करताक्षणी ही मंडळी घरातली वाटली असणार. आवाजाचं काम तर असं की सगळा गेम त्यावर उभा आहे. दुपारी सिकाडा नावाच्या किड्यांची करवत चालते, कलत्या उन्हाला 'हिगुराशी' नावाच्या सिकाडाचा उतरता, काहीसा एकटा सूर लागतो. जपानी सिनेमात उन्हाळा दाखवायचा तर आधी हा आवाज येतो, मग दृश्य. आपल्याकडे पावश्या ओरडला की पाऊस आलाच समजायचं, तसा.

पण खरी करामत घड्याळात आहे. रानावनात फिरताना गेममधली वेळ पुढे सरकते ती मुलगा एका चित्रातून दुसऱ्या चित्रात गेला की. म्हणजे धावपळ केली तर दिवस धावतो. नदीकाठी उभे राहिलात आणि हललाच नाहीत, तर ऊन जसंच्या तसं. मित्र तिथे गळ टाकून बसला. पाणी वाहतंय, सिकाडा ओरडतायत, तो चहा पितोय. मी विचारलं, "लागला का?" तो म्हणाला, "लागेल की." घाई असलेल्या माणसाला इथे काही मिळत नाही आणि घाई केल्याची शिक्षाही कुणी करत नाही. फक्त संध्याकाळ लवकर होते.

आता 1975 का? काझ आयाबे या दिग्दर्शकाच्या पिढीचं ते बालपण, हे एक कारण दिसतंच. त्या ऑगस्टमध्ये आपल्याकडे आणीबाणी चालू होती आणि 15 तारखेला 'शोले' लागला होता. जपानमध्ये 12 सप्टेंबर 1975 रोजी एपॉक कंपनीने 'टीव्ही टेनिस' बाजारात आणला, घरच्या टीव्हीला जोडायचा तिथला पहिला व्हिडिओ गेम. गेममधला मुलगा सुट्टी संपवून घरी परततो आणि दोन आठवड्यांच्या आत हे घडतं. पुढे या गेमची मालिका झाली, तिचा चौथा भाग 2009 साली पीएसपीवर आला. त्यातली सुट्टी 1985 च्या ऑगस्टमधली, सेतो समुद्राच्या काठची. आणि 'सुपर मारिओ ब्रदर्स' जपानमध्ये आला 13 सप्टेंबर 1985 ला! तारखा कुणी ठरवून जुळवल्या असतील असा माझा दावा नाही. पण रमायला म्हणून व्हिडिओ गेमने दोन वेळा जो महिना निवडला, तो दोन्ही वेळा व्हिडिओ गेमची लाट येण्याच्या अगदी आधीचा निघाला. पोरं बाहेर होती तो शेवटचा महिना.

हे सगळं गोडगोड वाटत असेल, तर त्याची काळी बाजूही सांगतो. मालिकेतल्या एका गेममध्ये एक बिघाड राहून गेला होता. विशिष्ट रीतीने खेळलं तर 31 ऑगस्ट ओलांडून पुढे जाता यायचं, 32 ऑगस्टला. तिथे माणसं गायब होतात, चित्रं विस्कटतात, घर रिकामं पडतं. जपानमध्ये या 32 ऑगस्टच्या भुताटकीच्या कथा झाल्या. मला त्यात भुताटकीपेक्षा न्याय दिसतो. डिस्कवर एकतीस दिवसांचाच उन्हाळा भरलेला आहे. जास्तीचा मागितला तर यंत्राकडे द्यायला काही नाही.

मासेमारी गेममध्ये आली ती मात्र या असल्या सुशेगाद मार्गाने आली नाही. 1980 साली ॲक्टिव्हिजनच्या डेव्हिड क्रेनने अटारी 2600 साठी 'फिशिंग डर्बी' लिहिला. दोन बाजूंना दोन धक्के, त्यांवर समोरासमोर बसलेले दोघे, मधे पाण्यात माशांच्या सहा रांगा आणि वरच्या अंगाला येरझाऱ्या घालणारा एक शार्क. जो आधी 99 पौंड मासे काढेल तो जिंकला. गळाला लागलेला मासा वर खेचताना शार्क आडवा आला की गेला घास. मोजक्या रंगांत आणि किरकोळ मेमरीत बसवलेला हा खेळ आजही दोघांत भांडण लावू शकतो.

नंतर जपानमध्ये बास माशाचं वेड आलं. हॉट-बी कंपनीचा 'द ब्लॅक बास' 1987 साली निन्टेन्डोच्या फॅमिकॉमवर आला आणि नव्वदच्या दशकात तर लाटच उठली. शिगेसातो इतोई हा जाहिरातींचा नामवंत लेखक ('माय नेबर तोतोरो'मधल्या वडिलांचा आवाज त्याचाच) या नादाला असा लागला की 1997 मध्ये त्याच्या नावाने सुपर फॅमिकॉमवर बास पकडायचा गेम निघाला. हा मासा जपानचा नाहीच. 1925 साली तेत्सुमा आकाबोशी या उद्योजकाने तो अमेरिकेतून आणून हाकोनेच्या आशी तलावात सोडला. पुढे तो देशभर पसरला, स्थानिक मासे खाऊ लागला. बिवा तलाव ज्या शिगा प्रांतात आहे, तिथे 2003 पासून पकडलेला बास पुन्हा पाण्यात सोडायला बंदी आहे आणि 2005 मध्ये देशाच्या कायद्याने त्याला घातक परकीय जीव ठरवलं. आपल्याकडे उजनीच्या जलाशयात चिलापीने जे केलं तेच. फरक इतकाच की चिलापीवर अजून कुणी गेम काढलेला नाही. उजनीकाठची माणसं तिला तळून खातात, ते बरं.

या लाटेचं टोक म्हणजे सेगाचा 'गेट बास'. 1997 मध्ये आर्केडमध्ये आला, 1999 मध्ये सेगाच्याच ड्रीमकास्ट कन्सोलवर. त्यासाठी एक वेगळा कंट्रोलर मिळायचा, गळाच्या मुठीसारखा, बाजूला फिरवायची खरीखुरी चरखी, आत हालचाल ओळखणारा सेन्सर. हात झटकला की पडद्यावर गळ पडतो, मासा लागला की मूठ थरथरते. दोरीवरचा ताण दाखवणारी पट्टी लाल झाली तर सैल सोडायचं, नाहीतर दोरी तुटली. मासेमारी हा निवांतपणाचा धंदा आहे ही समजूत इथे पार पुसली जाते. घड्याळ उलटं धावत असतं, निवेदक ओरडत असतो, आणि पाच मिनिटांत मनगट दुखायला लागतं. गंमत म्हणजे हीच गळाची मूठ 'सोलकॅलिबर' या तलवारबाजीच्या गेमलाही चालते. हात फिरवला की तलवार फिरते. मित्राने मला गळ हातात देऊन सामुराईशी लढायला लावलं. मी हरलो, पण हसून हसून.

ड्रीमकास्टचं उत्पादन 2001 मध्ये सेगाने थांबवलं आणि कन्सोल बनवणंच सोडून दिलं. त्या मुठी आता हौशी लोक शोधत फिरतात.

माझ्या पिढीच्या मराठी पोरांना यातलं काही माहीत नव्हतं. नव्वदीत आमच्याकडे आला तो 'टीव्ही गेम', फॅमिकॉमच्या नकला. कार्ट्रिजला आम्ही कॅसेट म्हणायचो, चालली नाही की काढून फुंकर मारायची. कॅसेटवर हजारोंनी गेम असल्याचं छापलेलं असायचं, प्रत्यक्षात तेच ते दहा-बारा, 'काँट्रा', 'मारिओ', 'सर्कस', नावं बदलून पुन्हा पुन्हा. ज्यांच्याकडे यंत्र नव्हतं ते मे महिन्यात तासाच्या हिशोबाने भाड्याने आणायचे किंवा शेजाऱ्यांकडे जाऊन लाईफ संपायची वाट बघत बसायचे. गेम हीच आमची उन्हाळ्याची सुट्टी होती. दुपारी उन्हात जाऊ नका म्हणून मोठ्यांनी कोंडून ठेवलेलं, पंखा घरघरतोय, आणि पडद्यावर काँट्राचा गडी जंगलातून पळतोय. उन्हाळ्याचा गेम ही वेगळी जात असते हे आमच्या गावीही नव्हतं.

आपला उन्हाळा कन्सोलवर आला तो बराच उशिरा. 2009 मध्ये सोनीने प्लेस्टेशन 2 साठी 'देसी अड्डा: गेम्स ऑफ इंडिया' काढला. हैदराबादच्या गेमशास्त्र कंपनीने तो बनवला होता. विटीदांडू, कबड्डी, गोट्या, पतंग, सगळं त्यात होतं. तोवर प्लेस्टेशन 3 आलेला होता, पण आपल्या बाजारात जुना प्लेस्टेशन 2 च खपत होता, म्हणून गेमही त्यासाठीच. कल्पना उत्तम. पण विटीदांडू पडद्यावर आणायचा म्हणजे नेम आणि गुण एवढंच मागे उरतं. दुपारी झोपलेल्या म्हाताऱ्यांच्या अंगणात विटी पडल्यावर होणारा तमाशा उरत नाही. बोकुच्या गेमने नेमका तो तमाशा ठेवला आणि गुण काढून टाकले.

मासे आणि ऋतू यांची सांगड घालण्यात निन्टेन्डोचा 'ॲनिमल क्रॉसिंग' सगळ्यांच्या पुढे गेला. पहिला भाग एप्रिल 2001 मध्ये निन्टेन्डो 64 वर आला आणि कार्ट्रिजमध्येच खरं घड्याळ बसवलेलं होतं. बाहेर रात्र तर गेममध्ये रात्र, बाहेर ऑगस्ट तर आतही ऑगस्ट. या गेमचा कर्ता कात्सुया एगुची चिबाहून क्योतोला नोकरीसाठी आला तेव्हा घरचे, मित्र सगळे मागे राहिले. त्या एकटेपणातून गेम सुचल्याचं त्याने सांगितलं आहे. महिना आणि वेळ बघून मासे बदलतात. सीलाकँथ हा दुर्मीळ मासा तर पाऊस पडत असेल तरच. हे इथे बसून खेळताना मजेशीर वाटतं, कारण गेमचं कॅलेंडर जपानी वळणाचं. जून-जुलै म्हणजे तिथे पाण्यावर जायचे दिवस. आपल्याकडे 1 जून ते 31 जुलै महाराष्ट्र आणि गोव्याच्या किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांना समुद्रात जायला बंदी, माशांच्या विणीचा काळ म्हणून. होड्या वर ओढून झाकलेल्या, जाळी विणायला काढलेली, कोळीवाड्यात सुकटीवर दिवस. पण ओढ्यांवर बघावं तर पहिल्या दणक्याच्या पावसात चढणीचे मासे चढायला लागलेले असतात, आणि पोरं पागं, टोपल्या, प्रसंगी मच्छरदाणी घेऊन गुडघाभर पाण्यात. पाऊस असेल तरच येणारा मासा ही गोष्ट आपल्याला समजावून सांगायला लागत नाही.

सगळ्या मासेमारी गेमांत माझा जीव जडला तो मात्र मासेमारीचा म्हणून न बनवलेल्या गेमवर. 'द लेजेंड ऑफ झेल्डा: ओकारिना ऑफ टाइम', 1998, निन्टेन्डो 64. जग वाचवायला निघालेला पोरगा, आणि सरोवराच्या काठावर एक आडोशाचं तळं, वीस रुपी (तिथलं चलन, आपलं नव्हे) देऊन गळ टाकायचं. काझुआकी मोरिता या प्रोग्रामरने हे तळं नेमून दिलेल्या कामाच्या आडून, स्वतःच्या हौसेने बांधलं. त्याआधी 1993 च्या 'लिंक्स अवेकनिंग'मध्येही मासेमारी होतीच. पण इथे पाण्यात सावली दिसते. मासा गळाजवळ येतो, थांबतो, वळतो, पुन्हा येतो. हिसका लवकर दिला तर निसटतो. कंट्रोलरला रंबल पॅक लावला असेल तर हातात थरथर. पोराचा दहा पौंडांचा मासा मालकाला पसंत पडला तर बक्षीस मिळतं, आणि बुडणारा गळ लपूनछपून वापरला तर मालक तोंड वाकडं करतो. इकडे राक्षस राज्य गिळतोय, तिकडे आपण माशाचं वजन करतोय. त्या गेममधलं जग मला खरं वाटतं ते या कामचुकारपणामुळे.

ही सगळी यंत्रं आता हळूहळू थकतायत. ओकारिनाची कार्ट्रिज जे लक्षात ठेवते ते आतल्या एका बटणएवढ्या बॅटरीच्या जोरावर. ती संपली की राज्य, तळं, पकडलेले मासे, सगळं पुसलं जातं. मित्र मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर एका दुरुस्तीवाल्याकडून बॅटऱ्या बदलून घेतो. तो गृहस्थ दिवसभर मोबाईलचे पडदे बदलतो आणि मधेच कुणी असलं काही घेऊन आलं की खुलतो. भाषेची अडचण वेगळीच. बोकुचा पहिला गेम अधिकृतपणे जपानीतच राहिला. दुसऱ्या भागाचं (2002, प्लेस्टेशन 2, यात समुद्र आणि पोहणंही आहे) इंग्रजी रूपांतर 2023 मध्ये चाहत्यांनी स्वतःहून केलं, वीस वर्षं उलटल्यावर. कंपनीला जे जमलं नाही ते फुकट काम करणाऱ्यांनी केलं. आयाबेचा 2023 चा 'नात्सु-मोन' अधिकृतपणे इंग्रजीतही मिळतो. त्यात जग मोकळं आहे, कुठल्याही भिंतीवर, डोंगरावर चढता येतं. देखणा आहे, मान्य. पण कुठेही चढता आलं की कुठे जायचं नाही हे कुणी सांगायचं? सुट्टीतल्या गावाला कुंपण लागतं, पलीकडे जायचं नाही असा एक तरी ओढा लागतो. जुन्या यंत्रात हे कुंपण फुकट मिळत होतं.

मित्राची दहा वर्षांची मुलगी आमच्या या नादाकडे लांबून बघत होती. तिला बोकु दाखवला. तिने आधी विचारलं की पुढे ढकलायचं बटण कुठे आहे. नाही म्हटल्यावर पंधरा मिनिटं भुंगेऱ्यांच्या कुस्त्या लावल्या आणि कंटाळली. मग झेल्डाचं तळं लावलं. गोष्टीतली सात वर्षं उलटून पोरगा मोठा होऊन तिथे परततो, तेव्हा तळ्याच्या मालकाने डोक्यावर टोपी चढवलेली असते. तिने गळ फेकला तो पाण्याऐवजी मागे मालकाकडे गेला आणि टोपीत अडकला. टोपी निघाली, खालचं टक्कल उघडं पडलं, मालक खवळला. तिने आमच्याकडे वळून पाहिलं, पुन्हा गळ काढला आणि पुन्हा टोपीच्या दिशेने नेम धरला. बाप म्हणाला, "अगं, मासे पाण्यात आहेत." ती म्हणाली, "बाबा, गप्प बसा ना जरा."